चोय

जांबोटीच्या वरच्या अंगाला, रान सुकायला लागलं की
आई कुंभ्याच्या पानांचा भारा आणायची.
बांबूची चोय दातांत धरून, पानावर पान ठेवून
टाचत जायची. बोलताना चोय ओठांत हलायची,
म्हणून तिचं निम्मं बोलणं मला अजूनही
ऐकू येण्याआधी दिसतं.

पत्रावळीचं काम एका जेवणापुरतं.
आमटी गळता कामा नये,
आणि पंगत उठल्यावर उकिरड्यात
गाईनं तोंड लावलं तरी चालावं.
खानापूरच्या बाजारात चकचकीत प्लास्टिक आलं तेव्हा
ती एवढंच म्हणाली,
"जेवणारा उठला तरी ताट उठत नाही, ह्याला काय म्हणायचं ओ?"

हे मला आठवलं बेळगावात, नेहरूनगरच्या प्रयोगशाळेत,
एकविसाव्या उंदराच्या यकृताचा काप
भिंगाखाली सरकवला तेव्हा.
निरोप पोचला होता. पेशीनं तो वाचला होता,
सांगितलेलं प्रथिन चोख घडवलं होतं.
पण ज्या चरबीच्या कणातून निरोप गेला
ती चरबी तीन आठवड्यांनीही तिथंच,
जेवून ओसरीवर लोळलेल्या पाहुण्यासारखी.
एन्झाइमचे आकडे चढलेले.
मरण्याआधी उंदीर दोन दिवस
कोपऱ्यात, केस पिंजारून बसला होता.

शिवलीला हुक्केरी शेजारच्या बाकावर.
ती मनात कन्नडमध्ये मोजते, मी मराठीत.
रेणूच्या डोक्याबद्दल आमचं भांडण नव्हतं:
रक्तातून जाताना त्यानं गप्प राहावं,
ना धन ना ऋण.
पेशीनं आत ओढून आंबट कोठडीत टाकलं
की तिथं, तेवढ्यापुरतं, भारून उठावं,
भिंतीला भोक पाडून निरोप सोडून द्यावा.
कायम भारलेले रेणू सुरुवातीला वापरून झाले होते.
ते वाटेत भेटेल त्याला चिकटतात, आवरणं फाडतात.
"आपल्याकडच्या पाट्यांच्या भांडणासारखे," मी म्हटलं.
शिवलीला हसली. मग दोघीही जरा गप्प.
बाहेर त्या दिवशी बस बंद होत्या.

अडत होतं ते शेपटीशी.
लांब, गुळगुळीत, शरीराला न तुटणारी.
तिच्यात एक कच्चा सांधा हवा, एस्टरचा,
आतल्या कात्रीला दिसेल असा.
आधी डोक्याच्या फार जवळ घातला:
चार दिवसांत फ्रिजमध्येच सगळं फाटलं, नासक्या दुधागत.
मग फांद्यांच्या दाटीत लपवला:
कात्रीला तो सापडेचना.
मी घरी फोन लावला. "चोय कुठं टोचायची गं?"
प्रश्न तिला अजिबात विचित्र वाटला नाही.
"काठाला टोचलीस तर पान चिरतं.
शिरेत घुसवलीस तर निघता निघत नाही.
शिरेच्या अलीकडं, दोन बोटं."
फोन ठेवता ठेवता म्हणाली,
"आणि ओली चोय घेऊ नको. वाळली की सैल पडते."
हे दुसरं मला अजून रसायनशास्त्रात बसवता आलेलं नाही.

दोन बोटं म्हणजे आमच्या हिशेबात चार कार्बन.
रेणू क्रमांक सदतीस.
रात्री हेस्कॉमनं दोनदा वीज घालवली,
जनरेटरवाल्या बसाप्पाला आम्ही झोपू दिलं नाही.

सातव्या दिवशी शिवलीलानं काप पाहिला.
भिंग फिरवलं. पुन्हा पाहिला.
"इल्ल, अक्का."
काय नाही?
"चरबी. निरोपाचं काम झालंय, आणि आणणारा नाही."

वहीत 'अवशेष' असा एक रकाना आहे.
तो रिकामा ठेवावा तर कुणाला वाटेल मोजलंच नाही.
शिवलीलानं पाच ओळींत पाच शून्यं काढली.
तिच्या लिपीतलं आणि माझ्या लिपीतलं शून्य
सारखंच गोल असतं, हे इतक्या वर्षांत
मी नीट पाहिलं नव्हतं.

सहाव्या उंदरापुढची जागा कोरी आहे.
त्यानं सकाळपासून दाणा खाल्लेला नाही.